गाडी घाटाला लागली

आमच्या आजोबांकडे घड्याळ नव्हतं. उन्हाळ्यात रात्री अंगणात बाजेवर पडल्या पडल्या ते मधेच हात वर करायचे. हात वर झाला की आम्ही पोरांनी गप्प बसायचं. मग ते म्हणायचे, "गाडी घाटाला लागली. निजा आता." आम्हाला आधी काहीच ऐकू यायचं नाही. दम धरून पडून राहिलं की मग कुठं रामलिंगाच्या डोंगराकडून बारीक शिट्टी यायची आणि तिच्यामागून इंजिनाची धाप. बार्शी लाइट रेल्वेची ती गाडी. अडीच फूट रुंदीचे रूळ आणि त्यावर बुटके डबे. १८९७ साली कुर्डुवाडी-बार्शी धावू लागलेली ही गाडी १९११ मध्ये येडशीवरून लातूरला पोचली. आमचं गाव येडशीपासून दीड-दोन कोसांवर. मधे ज्वारीची रानं, दोन ओढे, एक माळ. एवढं सगळं ओलांडून ती शिट्टी आमच्या अंगणात यायची.

दिवसा ती कधी ऐकू आली नाही. त्याचं कारण फार उशिरा कळलं. दिवसा जमीन तापते, जमिनीलगतची हवा गरम असते, त्यामुळे आवाज वर वळून निघून जातो. रात्री उलटं होतं. खालची हवा गार, वरची उबदार, मग आवाज पुन्हा जमिनीकडे वाकतो आणि दूरवर जातो. पण हे झालं अर्धं कारण. उरलेलं अर्धं म्हणजे त्या रात्रीत दुसरं काहीच वाजत नव्हतं. गावात वीज होती ती चार खांबांपुरती. रेडिओ दोन घरांत, आणि सेल वाचावेत म्हणून तोही बारीक आवाजात. टिटवी, कोल्हेकुई, दावणीला बैलानं मान हलवली की घुंगरांचा एक झणका, आणि सगळ्याच्या तळाशी रातकिड्यांची किर्र. भल्या पहाटे भविष्य सांगणारा पिंगळा यायचा. तो ओरडायचा नाही, झाडाशी उभा राहून हळू आवाजात बोलायचा, तरी आळीतल्या बायकांना शब्द न् शब्द कळायचा. दवंडी द्यायला एक हलगी पुरायची. त्या शांततेत माणसं कानोसा घेऊन जगत. म्हैस अडली, कुणाच्या घरात लेकरू आजारी आहे, मोटेच्या चाकाला वंगण हवंय, हे सगळं आधी कानावर यायचं.

आम्हा पोरांचे कान कोवळे, म्हणजे आजोबांपेक्षा तल्लखच. तरीही गाडी आधी त्यांना ऐकू यायची. याचं मला कोडं होतं. ऐकणं जेवढं कानात होतं तेवढंच मेंदूत होतं, हे त्याचं उत्तर. कशाची वाट पाहायची हे आजोबांच्या मेंदूला ठाऊक होतं. चाळीस-पन्नास वर्षं तीच शिट्टी, त्याच दिशेनं. म्हातारा माणूस कान देऊन बसतो म्हणतात ते हेच.

आणि त्यांचे कानही शाबूत होते. सत्तरी ओलांडली तरी कधी "काय म्हनलालास रं, जरा जोरात बोल" असं त्यांना म्हणावं लागलं नाही. न्यूयॉर्कचे कानाचे डॉक्टर सॅम्युअल रोझेन १९६० च्या सुमारास तेव्हाच्या सुदानमधल्या माबान लोकांकडे गेले होते. त्या वस्त्यांमध्ये यंत्र नाही, भोंगा नाही, बंदूकही नाही. तिथल्या म्हाताऱ्यांचे कान त्यांनी तपासले तर ते अमेरिकेतल्या त्याच वयाच्या माणसांपेक्षा कितीतरी चांगले निघाले. १९६२ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्या लोकांचा आहार आणि रक्तदाबही वेगळा होता, तेव्हा सगळं श्रेय शांततेला देता येत नाही. पण आपण ज्याला म्हातारपण म्हणून सोडून देतो त्यातला काही वाटा आवाजानं केलेला असतो, एवढं त्यातून पुढं आलं. हे वाचलं तेव्हा मला सुदान दिसलंच नाही, आमची बाज दिसली.

तेव्हाचं सगळं चांगलं होतं असं मात्र मी लिहिणार नाही. आवाजानं कान फारसे जात नव्हते, पण दुसऱ्या गोष्टींनी फार जात होते.

कान फुटलेलं पोर प्रत्येक आळीत असायचं. सर्दी झाली की घसा आणि कान यांना जोडणाऱ्या नळीतून रोग कानात चढायचा, आत पू व्हायचा, पडद्याला भोक पाडून बाहेर यायचा. माझा एक वर्गमित्र होता. पाढा चुकला म्हणून गुरुजींनी त्याच्या कानाखाली वाजवली. पसरट हाताची अशी बसली की कानाच्या बाहेरच्या नळीतली हवा दाबली जाते आणि पडदा फाटतो. तसा फाटलेला पडदा पुष्कळदा काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. पण दुसऱ्याच दिवशी आम्ही सगळे विहिरीवर. त्यानंही मुटका मारला. घाण पाणी आत गेलं आणि कान वाहू लागला, तो अनेक वर्षं वाहिला. त्याच्या आजीनं लसूण घालून कडवलेलं तेल कोमट करून त्याच कानात ओतलं आणि वर कापसाचा बोळा लावला. फुटलेल्या कानात तेल, पाणी काहीच जाऊ द्यायचं नसतं, हे तिला सांगायला कोण होतं? त्याच्या शेजारी बसायची वेळ आली की पोरं नाक मुरडायची. पुढे तो वर्गात मागं पडला, आणि सगळ्यांनी ठरवलं की त्याचं डोकंच चालत नाही. आता कानाच्या वरच्या बाजूच्या स्नायूवरचं पातळ आवरण काढून त्याचं ठिगळ पडद्याला लावतात. नेहमीची शस्त्रक्रिया आहे. तीस-चाळीस वर्षं आधी ती आमच्या गावापर्यंत आली असती तर त्या मित्राचं आयुष्य वेगळं झालं असतं.

माझ्या धाकट्या चुलत्यांना क्षय झाला. सोलापूरच्या सिव्हिलला नेलं, तिथून लिहून दिलेली स्ट्रेप्टोमायसीनची इंजेक्शनं तालुक्याला रोज चालली. त्या औषधानं ते वाचले. पण काही महिन्यांत त्यांच्या कानात शिट्टी वाजू लागली, अंधारात चालताना तोल जाऊ लागला, आणि हळूहळू ऐकू येणं कमी झालं. ते औषध काही रोग्यांच्या आतल्या कानाला मारक ठरतं, ऐकण्याला आणि तोलालाही. जीव आणि कान यांत जीव निवडावा लागतो, आणि तसा तो निवडला गेला. क्षयाच्या नेहमीच्या उपचारात आता ते इंजेक्शन राहिलेलं नाही.

आणि गावात एक मुलगा होता, त्याला सगळे मुका म्हणत. त्याचा घसा धडधाकट होता. तो जन्मापासून ऐकतच नव्हता, म्हणून बोलायला शिकला नव्हता. आई-बाप मामा-आत्याचे, दोघांनाही उत्तम ऐकू यायचं. आपल्याकडे मामाच्या पोरीशी लग्न ही चाल, आणि अशा जवळच्या नात्यात बहिरेपणाचा एकच लपलेला दोष दोघांकडेही असण्याची शक्यता वाढते. दोघांकडे असला तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक या हिशेबानं तो मुलात उतरतो. पोर चार वर्षांचं झालं तरी घरचे म्हणत होते, "आमच्यात उशिराच बोलत्यात." देवीला नवस झाले. शाळेत त्याला कुणी घातलंच नाही. तो गुरं राखायचा आणि आमच्यातल्या कुणाहीपेक्षा नेमका दगड मारायचा.

आता माझ्या स्वतःच्या कानाकडे येतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीत नात गावी आली होती. रात्री अंगणात बसलो होतो, तीच जागा, फक्त बाजेऐवजी प्लॅस्टिकच्या खुर्च्या. मी तिला म्हणालो, फवारण्यांनी सगळे रातकिडे मेले बघ, आमच्या लहानपणी किती ओरडायचे. तिनं माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "आजोबा, किती जोरात ओरडताहेत. तुम्हाला येत नाही ऐकू?"

मी हात वर केला. सगळे गप्प बसले. मी पुष्कळ वेळ ऐकत राहिलो. महामार्गावरचे ट्रक ऐकू आले, कुठल्या तरी वस्तीवरचा स्पीकर ऐकू आला. रातकिडे नाहीत.

आठवड्यानं कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, कानावर हेडफोन, हातात बटन. बारीक आवाज ऐकू आला की दाबायचं. खालच्या पट्टीतले आवाज येत गेले, मी दाबत गेलो. मग बराच वेळ काहीच आलं नाही. मला वाटलं यंत्र बंद पडलं. काचेपलीकडे ती मुलगी मात्र काम करत होती, म्हणजे आवाज सुरू होते. बाहेर आल्यावर कागद दिसला. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. दोन्ही रेघा सरळ येत होत्या आणि चार हजार हर्ट्झपाशी एकदम खड्ड्यात उतरल्या होत्या. डॉक्टरांनी विचारलं, "मोठ्या आवाजात काम केलंय का कधी?" शिक्षकाची नोकरी लागण्याआधी आठ हंगाम मी घरचा ट्रॅक्टर आणि मळणी यंत्र चालवलं होतं. चार हजारावरचा खड्डा ही आवाजानं केलेल्या इजेची खूण असते. त्यात वयाची भर पडली.

त्यांनी मला कानाचं मॉडेल उघडून दाखवलं. आवाज म्हणजे हवेतली थरथर. ती इंचभर नळीतून पडद्यावर येते. पडद्याला चिकटून तीन हाडं: हातोडी, ऐरण, रिकीब. रिकीब हे अंगातलं सगळ्यात लहान हाड, जेमतेम तीन मिलिमीटर, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढं. ही साखळी कशाला, तर आतला भाग पाण्यानं भरलेला असतो. हवेतला आवाज पाण्यावर आपटला की जवळजवळ सगळा परत फिरतो. विहिरीत बुडी मारली की काठावरच्यांची आरडाओरड एकदम बंद व्हायची, ती यामुळंच. म्हणून मोठ्या पडद्यावरचा जोर हाडांमधून रिकिबीच्या इवल्या तळाशी गोळा होतो. तो तळ पडद्यापेक्षा सतरा-अठरा पटींनी लहान असतो, त्यामुळे दाब वाढतो आणि आतलं पाणी हलतं. ते पाणी असतं कर्णावर्तात, गोगलगायीच्या शंखासारख्या अडीच वेढ्यांच्या नळीत. तिथं एका पट्टीवर रांगेनं केसांच्या पेशी उभ्या असतात. पाणी हललं की केस वाकतात, त्यातून विजेचा इशारा उठतो, तो नस मेंदूकडे नेते.

या पेशी एका कानात किती असाव्यात? १५-१६ हजार. बस्स. जन्माला येताना मिळतात तेवढ्याच. पक्ष्यांच्या आणि माशांच्या कानात त्या पुन्हा उगवतात, माणसाच्या नाही.

पाठीवर वारा घेऊन ज्वारीच्या रानाच्या बांधावर जो उभा राहिलाय त्याला या केसांचं काय होतं ते सांगायला नको. वारं आलं की ताटं वाकतात, वारं गेलं की उभी राहतात. वादळी वारं आलं तर आडवी पडतात. हलकी पडलेली दुसऱ्या दिवशी थोडी सावरतात. जत्रेतून आल्यावर कान बसतात आणि सकाळी सुटतात, ते तसं. पण रोज वादळ आलं तर रान लोळतं. आणि या रानाची मांडणी अशी की रिकिबीच्या तोंडाशी, म्हणजे शिवेलाच, बारीक उंच आवाजांचं पीक असतं. जाड घुमणारे आवाज पार आतल्या टोकाला. वय असो की कर्कश आवाज, शिवेकडचं पीक आधी जातं. म्हणून माझे रातकिडे गेले आणि ट्रक राहिले. बोलण्यातलंही तसंच. स्वर जाडसर असतात, ते पोचतात. स, श, त, फ ही व्यंजनं बारीक असतात, ती गळतात. घरातून हाक आली की मी ओ देतो, पण मागितली साखर की भाकर, ते कळत नाही. ऐकू येतं आणि उमगत नाही. कमी ऐकू येणाऱ्या माणसावर घरचे ओरडतात, तेव्हा स्वरच मोठे होतात आणि व्यंजनं तिथंच राहतात. त्याच्या समोर येऊन, तोंड दिसेल असं, सावकाश बोलावं. माझ्या चुलत्यांशी आम्ही असं कधी बोललो नाही, हे आज खुपतं.

आता त्या अंगणात रात्री किती आवाज असतो? सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव, येडशी, येरमाळा असा जाणारा महामार्ग चौपदरी झाला. छोटी रेल्वे गेली, २००७-०८ च्या सुमारास रुंद रूळ आले आणि गाडी धाराशिवमार्गे जाऊ लागली. गावाच्या दृष्टीनं दोन्ही चांगलंच झालं, बाळंतीण तासाभरात दवाखान्यात पोचते. उसाच्या हंगामात मात्र रात्रभर दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर जातात. ट्रॅक्टरच्या सीटवर कानाशी ९० डेसिबलच्या आसपास आवाज असतो, आणि त्यावर मात करायला पोरांनी वर स्पीकर बांधलेले असतात. इंजिनपेक्षा गाणं मोठं हवं ना! विशी-बाविशीची पोरं, कारखान्याच्या वाटेवर रात्रंदिवस. कामगारांच्या सुरक्षेसाठी धरतात तो हिशेब असा: ८५ डेसिबल असेल तर दिवसात आठ तास, ८८ असेल तर चारच, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला १५ मिनिटं. ती पोरं चार महिने त्यात असतात. त्यांचा कागद काढला तर माझ्यासारखाच खड्डा निघेल, फक्त साठीला नाही, तिशीला.

तुळजापूरला कोजागरीला पायी जाणारी रीघ मी लहानपणापासून पाहतो. आराधी मंडळींचा मेळा, संबळ, झांज, तुणतुणं. संबळही जवळून मोठाच वाजतो, आणि आयुष्यभर संबळ किंवा हलगी वाजवलेल्या म्हाताऱ्यांना कमी ऐकू येताना मी पाहिलंय. पण हात दुखला की संबळ थांबायचा. गोंधळ्याला दम लागायचा, मधे कथा यायची, कानाला विसावा मिळायचा. डीजेला दम लागत नाही. लग्नातला परण्याही तसाच. हलगी-सनईवर मारुतीला जाऊन येणारा नवरदेव आता आवाजाच्या भिंतीमागून जातो, आणि मधल्या घरांच्या पत्र्यांना कानठळ्या बसतात तशा माणसांनाही. २००० सालच्या नियमांनी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली, रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद केला. नियम कागदावर चांगला आहे. गावात तो पाळायला लावणारा माणूस मात्र लग्नाचाच पाहुणा असतो.

आणि तरीही, आजच्या काळातली एक गोष्ट पाहिली आणि मन भरून आलं. जिल्ह्याच्या ठिकाणी नात्यातल्या एका मुलीचं बाळ दोन दिवसांचं. झोपलेल्या बाळाच्या कानात नर्सनं मऊ बोंडूक घातलं. यंत्रानं बारीक टिकटिक आत सोडली. धडधाकट कान असा आवाज आला की स्वतः आतून बारीकसा प्रतिसाद परत पाठवतो, त्या केसांच्याच पेशींचा, आणि यंत्र तो टिपतं. दोन-तीन मिनिटांत झालं. बाळ जागंही झालं नाही. आमच्या गुरं राखणाऱ्या मित्राची जी गोष्ट चार वर्षं कुणाला कळली नाही तिची पहिली खूण इथं दोन दिवसांत मिळते. आवाज पोचत नसला तर कानाला लावायचं मशीन आहे, मशीनचा उपयोग नसेल तर कर्णावर्तात तार बसवून थेट नशीला इशारा देणारं कॉक्लियर इम्प्लांट आहे. लहान मुलांसाठी ते सरकारी योजनेतूनही मिळतं. फक्त वेळेत हवं. पहिली दोन-तीन वर्षं मेंदू भाषा शिकतो, ती गेली की यंत्र बसूनही बोलणं अवघड होतं. प्रत्येक बाळंतपणानंतर ही तपासणी झाली का, हे विचारलंच पाहिजे.

मी दोन्ही कानांना मशीन लावतो. पहिल्या रात्री अंगणात बसलो तेव्हा किर्र ऐकू आली. लहानपणची नव्हे, थोडी पत्र्यासारखी, पण आली.

परवा गावातल्या एका परण्यात डीजेच्या ट्रॉलीपासून चार हातांवर एक तरुण बाप नाचत होता, खांद्यावर वर्षभराचं लेकरू. लेकरू रडत नव्हतं, नुसतं डोळे मोठे करून बघत होतं. मी बापाला हातानं धरून चाळीस पावलं मागं आणलं. तो चिडला नाही, त्याला ठाऊकच नव्हतं. तुमच्या समोर असं लेकरू दिसेल तेव्हा एवढं करा. लग्न कुणाचंही असो, मान-अपमान बघू नका, त्याला मागं आणा.